ट्रॅक्टरच्या टायरची शेतावरची दुरुस्ती: पंक्चर, गळती आणि झीज

मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर एका पंक्चरपायी अर्धा दिवस जातो. पेरणीच्या तोंडावर किंवा ऊसतोड चालू असताना हा अर्धा दिवस फार महाग पडतो. मग घाईघाईत ट्यूबला पॅच लावून टायर चढवला जातो आणि चार दिवसांनी तेच चाक पुन्हा बसतं. शिव्या पंक्चरवाल्याला पडतात, पण बहुतेक वेळा त्याचा पॅच धडधाकट असतो. टायरच्या आत राहून गेलेल्या काट्याने, गंजलेल्या रिमने किंवा कमी हवेने शेजारी दुसरं भोक पाडलेलं असतं. भोक बुजवायची पद्धत पुढे दिली आहेच, पण ते का पडलं हे शोधायला इथे जास्त जागा दिली आहे.

इथलं सगळं ट्यूबवाल्या साध्या टायरबद्दल आहे. मागे १२.४-२८, १३.६-२८ किंवा १४.९-२८ आणि पुढे ६.००-१६ ते ७.५०-१६ हेच माप आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरांना असतं. यातला पहिला आकडा टायरची इंचातली रुंदी आणि दुसरा रिमचा इंचातला व्यास. नवीन ट्यूब घेताना हेच दोन्ही आकडे जुळवून घ्या. "थोडी मोठी चालते" असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून ट्यूब घेऊ नका. मोठी ट्यूब आत दुमडते आणि बरोबर घडीवर फाटते.

आधी व्हॉल्व्ह तपासा

हवा गेली की सरळ चाक खोलायला बसू नका. एका बाटलीत पाणी आणि कपडे धुण्याची पावडर मिसळा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंब टाका. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन गळते आहे. मातीचा कण अडकला असेल तर पिनेचं टोक दोन-तीनदा दाबून हवा सोडली की तो उडून जातो. नाही गेला तर पिन बदला. तिची किंमत चहापेक्षा जास्त नसते, तेव्हा टूलबॉक्समध्ये चार-पाच पिना आणि पिन काढायची छोटी चावी कायम असू द्या. व्हॉल्व्हला टोपण लावायची सवय आपल्याकडे नाही. चिखलणीत आणि रोटाव्हेटरच्या धुळीत पिन खराब व्हायचं मुख्य कारण तेच आहे.

मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. पाणी भरायची सोय असल्यामुळे तो दोन तुकड्यांचा असतो. आतली लहान पिन हवेसाठी, आणि तिच्याभोवतीचा मोठा भाग पाणी भरताना पूर्ण निघतो. या मोठ्या भागाखाली रबरी वायसर असतो. तो कडक झाला की हवा हळूहळू झिरपते आणि लोक पिना बदलत बसतात. साबणपाणी टाकताना बुडबुडे मधून येतात की बाजूच्या आट्यातून, एवढं नीट पाहिलं की उलगडा होतो.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर चाक हळूहळू फिरवून नक्षीत बघा. खिळा किंवा तुरीचं धसकट दिसलं तर लगेच उपटू नका. खडूने गोल करा आणि टायर खोलेपर्यंत ते तिथेच राहू द्या. पाणी भरलेल्या चाकाचा एक फायदा असा की पंक्चरची जागा ओलीवरून कळते. रिमला व्हॉल्व्हचं भोक असतं तिथून पाणी ठिबकत असेल तर गळती आत कुठेही असू शकते, पण नक्षीतल्या एकाच जागी ओल दिसली तर काटा तिथेच आहे.

आणि एक साधी गोष्ट. उन्हात तापलेल्या टायरची हवा दुपारी जास्त दिसते आणि पहाटे कमी. दोन दिवसांची तुलना करायची तर दोन्ही वेळा सकाळी, ट्रॅक्टर हलवायच्या आधी मोजा.

ज्या कामांना घरी हात लावायचा नाही

ट्रॉलीच्या १६ आणि २० इंची चाकांत पुष्कळदा रिमला वेगळी लोखंडी रिंग असते, ती टायरला जागेवर धरते. ९.००-२० किंवा १०.००-२० टायरमधली हवा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या कितीतरी पट दाबाची असते. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती सुटून माणसाचा जीव घेते. हे काम लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच द्या आणि तिथेही हवा भरताना समोर उभे राहू नका.

टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करू नका. हवा सोडलेली असली तरीही नाही. रिम तापली की आतल्या रबराचा वायू होतो, तो पेटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. तडा गेलेली रिम वेल्ड करायची असेल तर टायर आणि ट्यूब पूर्ण उतरवल्यावरच.

पेट्रोल किंवा स्प्रे आत मारून काडी लावायची आणि टायर "फट्"कन रिमवर बसवायचा, असे व्हिडिओ मोबाइलवर बघायला मिळतात. ते बघून करमणूक झाली, तेवढ्यावर सोडून द्या.

काय काय लागतं

दोन मोठ्या टॉम्या (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), शक्य झाल्यास तीन. टॉमीची टोकं घासून गुळगुळीत केलेली असावीत, कारण धारदार टॉमी ट्यूब कापते. पाच टनांचा तरी हायड्रॉलिक जॅक, जाड लाकडी ठोकळे, पाना आणि पाइप, लाकडी किंवा रबरी हातोडा, कानस किंवा खरखरीत पॉलिश पेपर, रबर सोल्यूशन, पॅच, शंखजिऱ्याची पावडर, टॉर्च, हवेचा गेज. मागच्या टायरला पायपंपाने हवा भरता येते, पण त्या दिवशी दुसरं काही होणार नाही. गावात एकदोघांत मिळून घेतलेला छोटा कॉम्प्रेसर सगळ्यांच्या कामी येतो.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे गेज. मागच्या टायरची हवा १२ ते १६ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास असते. ट्रकचा १५० पीएसआयपर्यंतचा गेज या पट्ट्यात नीट दाखवतच नाही, काटा थरथरतो एवढंच. ० ते ६० पीएसआयचा गेज घ्या. पाणी भरलेल्या चाकासाठी पाणी चालणारा गेज वेगळा मिळतो. साधा वापरायचा तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणूनच लावा.

मागचं चाक न काढता ट्यूब बाहेर काढणं

मागचं पूर्ण चाक उतरवायची गरज फार थोड्या वेळा पडते. पाण्यासकट त्याचं वजन दोन-तीन माणसांना आवरणारं नसतं आणि ते कलंडलं तर पाय चिरडतो. आतल्या बाजूची रिम किंवा टायरची आतली कड खराब असेल तरच चाक काढा. एरवी बाहेरची कड तेवढी सोडवून ट्यूब ओढून काढता येते.

ट्रॅक्टर कडक, सपाट जमिनीवर उभा करा. औजार खाली टेकवा किंवा सोडून ठेवा, ट्रॉली जोडलेली नको. हँडब्रेक ओढा, बाकीच्या तिन्ही चाकांच्या पुढे-मागे दगड लावा. जॅक मागच्या ॲक्सलच्या घराखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावा आणि खाली जाड फळी ठेवा. काळ्या जमिनीत फळीशिवाय जॅक स्वतःच खाली जातो. चाक जमिनीपासून चार बोटं उचललं की ॲक्सलखाली ठोकळे रचा आणि भार ठोकळ्यांवर घ्या. जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली हात घालू नका, सील केव्हा सोडेल सांगता येत नाही. आपल्याला चाक फिरवायचं आहे, म्हणून भार ठोकळ्यांवर आला की हँडब्रेक सोडायचा आणि गिअर न्यूट्रल ठेवायचा. त्यामुळे दगडांचं काम आणखी चोख हवं.

आता व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवा आणि पाणी सोडा. मोठा भाग काढला की पाणी जोरात येतं, बादल्या आधी मांडून ठेवा. १३.६-२८ मध्ये भरलेल्या चाकात दीडशे लिटरच्या आसपास पाणी असतं, १४.९-२८ मध्ये त्याहून जास्त. शेवटचं थोडं पाणी तसं निघत नाही, ते ट्यूब काढल्यावर निथळतं.

टायर सोडवायच्या आधी एक काम, ज्यावर पुढचं निम्मं यश आहे. व्हॉल्व्ह असेल त्याच जागी टायरच्या बाजूवर खडूने ठळक रेघ मारा. ट्यूबच्या दर्शनी बाजूवरही ती दिसू लागेल तेव्हा खूण करा. ट्यूबला भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर, त्याच बाजूला टायरमध्ये काटा शोधायचा. ही रेघ नसली की सबंध टायर चाचपत बसावं लागतं.

टायरची कड रिमला चिकटलेली असते. साबणाचं दाट पाणी कडेवर गोल फिरवून ओता, पाच मिनिटं मुरू द्या आणि टॉमीच्या टोकाने थोडं थोडं दाबत संपूर्ण घेर सोडवा. एकाच जागी जोर काढू नका. डिझेल, ऑइल, ग्रीस यांचा थेंबही लावू नका. त्याने टायर लवकर सुटतो खरा, पण रबर फुगतं, पिचपिचीत होतं आणि पुढे पॅचही धरत नाही.

कड सुटली की व्हॉल्व्हच्या समोरच्या, म्हणजे घेराच्या पलीकडच्या बाजूला टायर गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोल भागात ढकला. त्यामुळे व्हॉल्व्हजवळ ढील मिळते. तिथे वीतभर अंतरावर दोन टॉम्या घाला, एक दाबून धरा आणि दुसरीने कड बाहेर काढत न्या. टॉमी दोन-तीन बोटांपेक्षा आत घालू नका, ट्यूबची नवी भोकं इथेच पडतात. व्हॉल्व्हचा नट काढून व्हॉल्व्ह आत ढकला आणि ट्यूब ओढा. पाणी राहिलेली ट्यूब जड येते, दोघं असलेले बरे.

टायरच्या आत

भोक सापडण्याआधीच टायरच्या आत हात फिरवायचा नाही. आधी टॉर्चने बघा, मग जुनं सुती फडकं हाताला गुंडाळून आतून हळूहळू फिरवा. काटा असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. बाभळीच्या काट्याचा हा खोडसाळपणा कायमचा आहे. तो नक्षीतून शिरतो, बाहेरच्या बाजूला मोडतो, नक्षीवर काही दिसत नाही आणि आत फक्त तांदळाच्या दाण्याएवढं टोक डोकावत असतं. ट्रॅक्टर उभा असताना ते ट्यूबला टेकत नाही. भार आला, टायर दबला की टोचतं. म्हणून कधी कधी चाक शेतात बसतं आणि पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवली तर बुडबुडा शोधायलाही वेळ लागतो. वेड्या बाभळीचे काटे तर लाकडासारखे टणक असतात. बांधावर तोडलेल्या फांद्या पडल्या असतील तर नांगरट संपेपर्यंत पंक्चर संपत नाहीत.

टोक सापडलं की आतून बाहेर ढकला, पकडीने ओढा किंवा बारीक पोगराने ठोका. आत अर्धवट राहिलेला तुकडा बोटाला लागत नाही असं वाटलं तरी चाकूच्या टोकाने जागा उकरून खात्री करा. तूर, कपाशी आणि उसाच्या रानात काट्याऐवजी धसकटं असतात. कोयत्याने तिरकं छाटलेलं तुरीचं धसकट वाळल्यावर भाल्यासारखं उभं राहतं आणि ते नक्षीच्या उंच दांड्यांत न घुसता दोन दांड्यांच्या मधल्या पातळ रबरात घुसतं. तिथली भोकं मोठी आणि फाटकी असतात. अशा रानात काम काढायच्या आधी धसकटं कुटी यंत्राने किंवा रोटाव्हेटरने मोडून घेणं टायरच्या पैशात परवडतं.

फडकं फिरवून झालं की रिम बघा. गंजाची खपली निघत असेल तर तारेच्या ब्रशने घासा, रेडऑक्साइड लावा आणि वाळू द्या. व्हॉल्व्हच्या भोकाची कड खास तपासा. तिथली धार कानसेने मोडा. थंड देशांत टायरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि त्याने रिम सडतात. आपल्याकडे साधं पाणी चालतं, त्यात मीठ किंवा दुसरं काही घालायची गरज नाही. पण विहिरीचं पाणी मचूळ असेल तर टाकीचं गोडं पाणी भरा. ट्यूब गळली की ते रिमवरच जाणार आहे.

पॅच लावणं

ट्यूबमध्ये हवा भरा, आकार येईल इतकीच. बाहेर मोकळ्या ट्यूबमध्ये जास्त हवा भरली तर ती एका जागी फुगा धरते. हौदात किंवा बैलांच्या पाण्याच्या टाकीत भाग भाग बुडवून बघा. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण फेरा घ्या. काटा पुष्कळदा ट्यूबच्या दोन्ही बाजूंना टोचून गेलेला असतो. भोकावर बॉलपेनने मोठं अधिकचं चिन्ह काढा, लहान ठिपका घासताना पुसला जातो.

हवा सोडा. भोकाभोवती पॅचपेक्षा बोटभर जास्त जागा कानसेने घासा. रबराची चकाकी पूर्ण जाऊन मखमलीसारखा पोत आला पाहिजे. जुन्या ट्यूबला मधोमध शिवणीसारखी उंच रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर घासून सपाट करा, नाहीतर हवा तिच्या कडेने पळते. घासलेली धूळ कोरड्या फडक्याने झाडा. त्या जागेला परत बोट लावू नका, घामाच्या हाताचं तेल पुरतं.

सोल्यूशनचा पातळ, एकसारखा थर द्या आणि थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. ओल्यावर पॅच लावला की तो आज धरतो आणि ट्यूब तापली की सुटतो. पाच ते दहा मिनिटांनी बोटाच्या मागच्या बाजूने टेकून पाहा, चिकट लागलं पण बोटाला काही आलं नाही, म्हणजे वेळ झाली. सोल्यूशन पटकन पेट घेतं, तेव्हा विडी बाजूला ठेवा. पॅचच्या खालचा कागद काढून मधून कडांकडे दाबत बसवा आणि रोलरने किंवा हातोडीच्या दांड्याने जोरात घोटा. वर शंखजिऱ्याची पावडर चोळा.

छोट्या भोकाला हा थंड पॅच पुरतो. पाणी भरायच्या मागच्या ट्यूबला आणि उसाच्या वाहतुकीला लागणाऱ्या ट्रॅक्टरला हॉट पॅच चांगला. त्यात कच्च्या रबराचा तुकडा लावून शिकंज्यात धरतात आणि दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, त्यामुळे तो ट्यूबचाच भाग होतो. त्याचं यंत्र पंक्चरच्या दुकानात असतं, म्हणून ट्यूब उचलून तिकडे न्यायची. मात्र आतलं पाणी पूर्ण निथळलेलं असू द्या. भोकाजवळ पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन पॅच उचलला जातो. शिकंजा लगेच सोडायची घाई करणाऱ्याला थोडं थांबवा, थंड होऊ द्या.

एकाच जागी पॅचवर पॅच चढलेत, ट्यूब ताणून लांब झाली आहे किंवा भोक व्हॉल्व्हच्या बुडाला लागून आहे, तर नवीन ट्यूब घ्या. फाटका व्हॉल्व्ह हॉट पॅचने बसवून मिळतो, पण तो का फाटला हे बघितलं नाही तर नवाही फाटेल.

व्हॉल्व्ह का उपटतो

हवा कमी ठेवून जड ओढकाम केलं की रिम फिरते आणि टायर मागे राहतो. दोघांच्या मधली ट्यूब टायरबरोबर सरकते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. आधी तो तिरका होतो, मग मुळातून उपटतो. हे एका दिवसात होत नाही. रिमवर आणि टायरवर एकच सरळ रेघ ऑइलपेंटने मारून ठेवा. नांगरटीनंतर दोन तुकडे एकमेकांपासून बोटभर सरकलेले दिसले तर टायर रिमवर घसरतो आहे. हवा वाढवा, औजाराचा भार कमी करा. चढवताना जास्त ओलं साबण वापरलं असेल तरी पहिल्या एक-दोन दिवसांत असं होतं.

चिरा, कट आणि गेटर

बाजूवरच्या केसासारख्या बारीक चिरा उन्हाने पडतात. त्यांत नख अडकत नसेल आणि दोरे दिसत नसतील तर टायर शेतीकामाला चालतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर सावलीत ठेवा, निदान चाकांवर गोणपाट टाका.

दगडाने किंवा केजव्हीलच्या (चिखलणीचं लोखंडी चाक) कडेने पडलेला कट वेगळा. कट पसरवून आत बघा. आतले नायलॉनचे दोरे शाबूत असतील आणि फक्त रबर कापलेलं असेल तर माती-खडे साफ करून तो तसाच राहू द्या. नक्षीच्या भागात आरपार भोक असेल आणि ते बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल तर आतून गेटर, म्हणजे टायरला आधार देणारा जाड तुकडा, लावता येतो. गेटर कापलेल्या भागापेक्षा सर्व बाजूंनी निदान दोन इंच मोठा हवा आणि त्याच्या कडा उतरत्या, पातळ हव्यात. जुन्या टायरचा जाड तुकडा तसाच आत टाकला तर त्याची उभी कड ट्यूबला आठवडाभरात घासून कापते. पद्धत पॅचसारखीच: घासायचं, सोल्यूशन, थांबायचं, दाबायचं.

बाजूचा आरपार कट, दोरे तुटलेले किंवा बाजूला फुगा आलेला टायर घरी दुरुस्त होत नाही. रिमोल्डवाल्याकडे (जुन्या टायरवर नवं रबर चढवणारा) त्या भागाला आतून-बाहेरून रबर चढवून शिजवता येतं का ते दाखवा. नटबोल्ट मारून शिवलेले टायर गावोगावी दिसतात. संथ टायरगाडीला ते कसंतरी चालेल. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला मात्र शिवलेला किंवा गेटर लावलेला टायर वापरूच नका. मागे भरलेली ट्रॉली आणि पुढचा टायर रस्त्यात फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

चढवणं आणि हवा-पाणी

टायरच्या आत पावडर मारा, ट्यूबमध्ये फुंकरभर हवा भरून ती गोल ठेवा आणि व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून काढून नट दोन आटेच लावा. ट्यूबला कुठे घडी नाही ना हे हाताने फिरून बघा. चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हजवळ करा. शेवटचा वीतभर भाग कठीण जातो. तिथे ताकद लावण्याऐवजी समोरची कड परत मधल्या खोलगट भागात ढकला, टायर आपोआप ढिला पडेल.

पूर्ण चाक उतरवलं असेल तर नक्षीची दिशा तपासा. मागून ट्रॅक्टरकडे पाहिलं की नक्षीचं टोक वर दिसलं पाहिजे. बाजूवर बाणही असतो. उलटा बसला तर नक्षीत चिखल भरून राहतो आणि पकड जाते. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळा.

व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरत जा. कड रिमच्या कडेला चारही बाजूंनी सारखी बसली की हवा पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे अडकलेली ट्यूब सरळ होते. कड बसवताना ३५ पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचं. दाब वाढवत नेला तर कडेतली तार तुटते आणि टायर उडतो. पाइप लांब ठेवा आणि टायरच्या सपाट बाजूसमोर न थांबता नक्षीसमोर उभे राहा.

पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह अगदी वर आणा. त्या उंचीपर्यंत पाणी आलं की टायर सुमारे ७५ टक्के भरतो, बाकी हवा राहते. उंचावरच्या टाकीतून पाइप जोडून भरताना अधूनमधून पाइप काढून आतली हवा सुटू द्यावी लागते. टायर १०० टक्के पाण्याने भरू नका. पाणी दबत नाही, त्यामुळे दगडावर आदळलेला टायर दबण्याऐवजी फाटतो. शेवटी हवा भरून गेज लावा. शेतात मागे १२ ते १६ आणि पुढे साधारण २८ ते ३४ पीएसआय धरतात. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ट्रॉलीला लावून रस्त्यावर जायचं असेल तर मागची हवा थोडी वाढवावी लागते आणि रानात आल्यावर परत कमी करावी लागते. हे कोणी करत नाही, म्हणूनच पुढचा भाग लिहावा लागतो.

झिजलेल्या टायरचं काय करायचं

नक्षी मधोमध झिजली आणि कडेला शिल्लक असेल तर हवा जास्त आहे किंवा ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर जास्त धावला आहे. कडेची झिजली आणि बाजूवर गोल चिरा असतील तर हवा कमी होती. पुढचा टायर एकाच बाजूने करवतीसारखा झिजत असेल तर हवेपेक्षा पुढच्या चाकांची रेषा बिघडली आहे. चाकांतलं पुढचं अंतर मागच्या अंतरापेक्षा काही मिलिमीटर कमी असावं लागतं. दोरी आणि टेपने ते मोजता येतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. टायरॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) बॉलजॉइंट ढिले असतील तर आधी ते बदला, मोजमाप नंतर.

मागचा टायर घसरतो किती हे मोजायला खर्च येत नाही. टायरवर खडूची खूण करा. औजार उचलून शेतात चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग त्याच रानात औजार लावून दहा फेरे. पहिलं अंतर ४० मीटर आणि दुसरं ३५ आलं तर पाच मीटर, म्हणजे साडेबारा टक्के घसरण झाली. मातीत १० ते १५ टक्के घसरण चालते. २० च्या वर गेली तर नक्षी आणि डिझेल दोन्ही जातं. पाणी किंवा वजन वाढवा, नाहीतर औजार लहान करा. उलट घसरण अगदीच नगण्य असेल तर विनाकारण वजन वाहताय, पाणी थोडं काढा.

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं. हंगामात अंगद (ट्रॅक्टरमागची ऊसगाडी) किंवा डबल ट्रॉली ओढून डांबरावर नक्षी एवढी झिजते की पावसाळ्यात चिखलात पकड उरत नाही. पण टायरचं आतलं अंग चांगलं असेल तर तो टाकून देऊ नका, रिमोल्ड करा. रिमोल्डला देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा: आतून दोरे दिसत नाहीत, कडेची तार वाकलेली किंवा उघडी नाही, बाजूला फुगा नाही. यातलं एकही असेल तर रिमोल्डचे पैसे मातीत. नक्षी पूर्ण गुळगुळीत होऊन दोरे लागेपर्यंत वाट पाहिली की रिमोल्डवालाच परत पाठवतो, म्हणून थोडी नक्षी शिल्लक असतानाच द्या. दोन्ही चाकं एकत्र करा. एक उंच, एक बुटकं चाक असलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. पुढच्या चाकाला रिमोल्ड नको.

आत ओतायचं सीलंट वापरणारे वाढले आहेत. नक्षीतल्या बारीक काट्याच्या भोकाला ते उपयोगी पडतं, बाजूच्या फाटीला आणि व्हॉल्व्हला नाही. सीलंट घातलेल्या ट्यूबला पुढे पॅच लावायचा तर पंक्चरवाला कुरकुर करणार, कारण घासून साफ करायला त्याला दुप्पट वेळ लागतो.

जुना टायर विकत घेताना नक्षी बघून भुलू नका. बाजूवर शेवटी चार आकडे असलेला लंबगोल छाप शोधा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी भरपूर पण रबर सात-आठ वर्षं उन्हात तापलेलं असेल तर नखाने दाबून पाहा. दगडासारखं लागलं आणि कडेला पांढरट चिरा दिसल्या तर तो टायर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.